जेजूने भरलं, मग माझ्या पाटल्यांचं काय?

फोंडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, चांगलं चार पानी आणि सगळं रागात लिहिलेलं. पूर्ण छापत नाही, थोडक्यात सांगते. आठ वर्षांमागे वाड्यावरच्या बायकांची भिशी होती, ती सांभाळायच्या ह्या ताई आणि त्यांची शाळेपासूनची कॅथलिक मैत्रीण, अशा दोघी. एक दिवस मैत्रीण 1,80,000 रुपये घेऊन गायब, मग कळलं की पोर्तुगीज पासपोर्ट करून नवऱ्याबरोबर इंग्लंडात स्विंडनला पोचलीसुद्धा. बायका येऊन उभ्या ताईंच्या दारात. ताईंनी स्वतःच्या पाटल्या गहाण टाकून एकेकीचे पैसे चुकते केले आणि त्या पाटल्या सोडवून आणेपर्यंत दोन वर्षं गेली. एवढं करूनही काहीजणी अजून कुजबुजतात की हिचाही त्यात वाटा असणार. आता मैत्रीण कायमची गावात आलीय, येण्याआधी तिकडे कुठल्याशा रिट्रीटला (चर्चच्या प्रार्थना-शिबिराला) जाऊन आली, आणि ह्या कोरेजमात (ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत) एका संध्याकाळी ताईंच्या घरी येऊन रडून सांगून गेली की मी कुमसार केलं (म्हणजे पाद्रीपुढे पापं कबूल केली), देवाने मला माफ केलं, माझं सगळं ऋण जेजूने (येशूने) खुर्सावर (क्रूसावर) फेडलं, तूही मला माफ कर आणि ईस्टरच्या रात्री मीसला (चर्चमधल्या उपासनेला) ये. पैशांबद्दल एक शब्द नाही.

ताई विचारतात, "जेजूने भरलं तर माझ्या पाटल्या कोणी सोडवल्या? एकाचं पाप दुसऱ्याने फेडायचं ही कुठली पद्धत, आपल्यात करावं तसं भरावं. त्यांच्यात असंच असतं का, रडलं की झालं? मी त्यांच्या पाद्रीकडे जाऊन विचारू का ही काय कबूल करून आली ते? आणि मीसला जाऊ की नको?"

ताई, पहिलं उत्तर लगेच देऊन टाकते म्हणजे तुमचा बीपी जरा खाली येईल. नाही, त्यांच्यात असं नसतं. मैत्रिणीने सांगितलं ते खोटं नाहीये पण अर्धं आहे, आणि तुमच्या कामाचं नेमकं राहिलेल्या अर्ध्यात आहे. पण आधी ती बोलली ते अर्धं काय ते समजून घ्या, नाहीतर तुम्ही तिच्याशी भांडाल ते चुकीच्या मुद्द्यावर भांडाल.

तुम्ही दागिना सोडवलाय म्हणून तुम्हाला हे कुठल्याही प्रवचनापेक्षा लवकर कळेल. पाटल्या सोसायटीच्या तिजोरीत होत्या तेव्हाही तुमच्याच होत्या, पावतीवर नाव तुमचं, पण हातात घालायची सोय नाही आणि पाटल्या काही आपण होऊन उठून घरी येत नाहीत, कोणीतरी जाऊन पैसे भरून आणाव्या लागतात. ख्रिस्ती लोक माणसाबद्दल असंच मानतात, की माणूस देवाचाच, पण पापाच्या ताब्यात गेलेला, आणि कितीही चांगलं वागला तरी स्वतःच्या जोरावर सुटू शकत नाही, म्हणून किंमत देवाने भरली आणि ती स्वतःच्या जिवाने भरली, येशू खुर्सावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला तो ह्यासाठी. इगर्जीत (चर्चमध्ये) त्याला सोडवणदार म्हणतात ते ह्यामुळेच. फक्त एक, पाटल्यांना मन नसतं, माणसाला असतं, आणि सुटून आल्यावर ते मन काय करतं ह्याच्यावर तुमचं सगळं प्रकरण अडलंय. त्याच्याकडे येते.

ही कल्पना येशूच्याही आधीची, मुळात यहुद्यांची. इजिप्तमधल्या गुलामीतून देवाने आम्हाला सोडवून आणलं ही त्यांची मूळ आठवण. आणि घरगुती व्यवहारातही तेच, बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात नियमच आहे की एखादा भाऊबंद कंगाल होऊन जमीन विकून बसला तर त्याच्या सगळ्यात जवळच्या नातलगाने ती सोडवावी, स्वतःला विकायची पाळी आली असेल तर त्यालाही सोडवावं, आणि कोणीच नाही सोडवलं तर 50 व्या वर्षी आपोआप मोकळीक. रूथची गोष्ट ह्याच नियमावर उभी आहे. रूथ परमुलुखातली विधवा सून, सासूबरोबर बेथलेहेमला आलेली, दोघींकडे खायला नाही. बवाज नावाचा नातलग त्यांची जमीन सोडवायला तयार असतो पण त्याच्याहून जवळचा एक नातलग असतो, म्हणून बवाज गावच्या वेशीवर दहा वडीलधारी बसवून आधी त्याला विचारतो. तो गडी लगेच हो म्हणतो. मग कळतं की जमिनीबरोबर सून पण पदरात घ्यावी लागणार, तशी लगेच माघार, म्हणे माझ्या स्वतःच्या इस्टेटीला धक्का बसेल, आणि पायातली चप्पल काढून बवाजच्या हातात देतो, की घे बाबा, हक्क तुझा. (भाट, म्हणजे माडांची बाग, आणि हिस्सा ह्यावरून माणसं कशी हो-नाही करतात ते गोव्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको.)

तर सोडवणारा नातलगच असावा लागतो, परक्याचं ते काम नाही. म्हणून ख्रिस्ती लोकांसाठी नाताळ आणि गुड फ्रायडे ही एकाच गोष्टीची दोन टोकं, देव आधी माणसाच्या पोटी जन्माला येतो म्हणजे आपला नातलग होतो आणि मग सोडवतो. येशू स्वतः मार्कच्या शुभवर्तमानात (बायबलातल्या त्याच्या चरित्रांपैकी एकात) म्हणतो की मी सेवा करून घ्यायला आलो नाही, सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलोय.

खंडणी दिली तर दिली कोणाला, असं तुम्ही विचारणारच, भिशीचा हिशोब ठेवलेली बाई आहात. हा प्रश्न त्यांच्यातल्या मोठमोठ्यांनी विचारलाय आणि एकमत झालेलं नाही. सुरुवातीच्या काळात पुष्कळजण म्हणायचे सैतानाला. चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी तर म्हणतो की येशूचं माणूसपण हे आमिष आणि आत देवपणाची गरी, सैतानाने गिळली आणि फसला. मांडवीवर गरी टाकून बसणाऱ्यांना हे लगेच पटेल. त्याच वेळचा दुसरा ग्रेगरी, नाझियान्झसचा, म्हणाला छे, चोराला कसली खंडणी. मग 11 व्या शतकाच्या शेवटी आन्सेल्म नावाच्या आर्चबिशपने मांडलं की ऋण देवाचंच होतं, माणसाने त्याचा मान मोडला होता, तो भरून द्यायला माणूसच हवा पण ताकद देवाचीच हवी, म्हणून दोन्ही असलेला एकजण. त्याच्यानंतर आबेलार म्हणाला, एवढं प्रेम बघून माणसाचं काळीज बदलतं, खरी सोडवण ती. चर्चने ह्यातलं एकच खरं असा शिक्का कधी मारला नाही. सोडवलं हे सगळ्यांना मान्य, कसं त्याच्यावर चर्चा चालू.

आता तुमचं करावं तसं भरावं. आपल्या वाल्या कोळ्याची गोष्ट आठवा. नारद विचारतो, हे पाप तू ज्यांच्यासाठी करतोस ते त्यात वाटेकरी होणार का, जा विचारून ये. वाल्या घरी जातो आणि बायकोपोरं सरळ सांगतात, आम्हाला पोसणं तुझं काम, पाप तुझं तू बघ. ख्रिस्ती गोष्टीत ह्याच्या उलट उत्तर येतं. एकजण म्हणतो, मी होतो वाटेकरी, आणि नुसतं म्हणत नाही, पूर्ण भार आपल्या अंगावर घेतो. हे तुम्हाला पटलंच पाहिजे असं काही नाही. आपल्या कीर्तनात अजामेळ नुसत्या नामाने तरतो म्हणजे कृपा आपल्याला नवी नाही, पण दुसऱ्याच्या जागी स्वतः उभं राहून त्याचं भोगणं ह्याला त्यांच्याकडे जेवढी जागा आहे तेवढी आपल्याकडे नाही. शेवटी सगळे धर्म एकच असं म्हणून चहा प्यायची आपल्याकडे पद्धत आहे, मला ती फारशी आवडत नाही, जिथे फरक आहे तिथे आहे. हे सगळं मराठीत नीट सांगायची गोव्यात जुनी रीत आहे बरं का, थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट पाद्रीने 1616 मध्ये राशोलला ओव्यांमधलं ख्रिस्तपुराण छापून घेतलं, त्यातलं पैलें पुराण सगळं येशूच्या जन्माआधीच्या गोष्टींचं, सोडवण्याची वेळ का आली तेच सांगण्यात गेलेलं. तुमच्या मैत्रिणीने ते दारात उभ्या उभ्या दोन मिनिटांत उरकलं, मग तुमचं डोकं फिरणारच.

आता राहिलेलं अर्धं. लूकच्या शुभवर्तमानात 19 व्या अध्यायात जक्कय नावाचा माणूस आहे, यरीहो गावचा, जकातदारांचा मुख्य. म्हणजे रोमी सरकारसाठी कर गोळा करायचा आणि वर स्वतःचं पण काढायचं, गडगंज झालेला आणि गावात कोणाला नको असलेला. बुटका. येशू गावातून चाललाय आणि गर्दीत ह्याला काही दिसेना म्हणून हा पुढे पळत जाऊन उंबराच्या झाडावर चढून बसतो, एवढा मोठा साहेब. येशू झाडाखाली येऊन वर बघतो आणि म्हणतो, जक्कया लवकर खाली ये, आज मला तुझ्याच घरी उतरायचंय. लोक चिडतात, ह्याच्या घरी? आणि ताई, इथे क्रम बघा. येशू त्याच्या घरी निघाला तेव्हा जक्कयने एक पैसाही कोणाला परत केलेला नव्हता. माफी पहिली आली, फुकट आली. तुमची मैत्रीण म्हणते ते एवढं, आणि तेवढं बरोबर आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. जक्कय उभा राहतो आणि सगळ्यांसमोर सांगतो, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाला फसवून काही घेतलं असेल तर चौपट परत करतो. आणि त्याच्यानंतर येशू म्हणतो, आज ह्या घराला तारण मिळालं.

चौपट हा आकडा त्याने हवेतून काढलेला नाही. जुन्या नियमात चोरलेल्या एका मेंढराला चार मेंढरं भरून द्यायची असत, आणि फसवून घेतलेले पैसे माणूस आपण होऊन कबूल करत असेल तर मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा. तुमच्या हिशोबात सांगायचं तर 1,80,000 वर 36,000, म्हणजे 2,16,000. जक्कयच्या हिशोबाने गेलात तर 7,20,000 होतात, ते मागू नका, ते देणाऱ्याने आपल्या मनाने द्यायचे असतात.

हे जुन्या पुस्तकापुरतं नाही, आजचा नियमही हाच आहे. कॅथलिक चर्चने 1992 मध्ये काढलेल्या धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात स्पष्ट लिहिलंय की कुमसारात पापाची माफी मिळते पण पापाने केलेली नासधूस तेवढ्याने भरून येत नाही, ती शक्य तेवढी भरून द्यायची, चोरलेलं परत करायचं, कोणाची बदनामी झाली असेल तर त्याचं नाव परत मिळवून द्यायचं. तुमच्या भागातल्या इगर्जीत कोणत्याही पाद्रीला साधा प्रश्न म्हणून विचारा, चोरीचे पैसे परत न करता नुसतं कुमसार चालतं का, तोही हेच सांगेल. मात्र तिने काय कबूल केलं ते विचारायला जाऊ नका, काही उपयोग नाही, कुमसारातला एक शब्दही पाद्री बाहेर बोलू शकत नाही, बोलला तर थेट चर्चच्या बाहेर, पोलिसांनी विचारलं तरी नाही. बिचाऱ्याला उगाच अडचणीत टाकाल.

आणि हे फक्त कॅथलिकांचं असं नाही. माणूस तरतो तो देवाच्या कृपेने, स्वतःच्या कमाईने नाही, आणि चांगली कामं त्या कृपेच्या मागून येतात, ह्याच्यावर ज्यांची चारशेच्या वर वर्षं भांडणं चालली त्या कॅथलिक आणि लुथरन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) लोकांनी सुद्धा 1999 साली जर्मनीत ऑग्सबर्गला एकत्र बसून सह्या केल्या. जर्मनीतलाच दीत्रिख बोनहोफर नावाचा पास्टर, हिटलरच्या विरोधात गेला म्हणून 1945 च्या एप्रिलात ज्याला फासावर दिलं, तो पश्चात्तापाशिवाय वाटल्या जाणाऱ्या माफीला स्वस्तातली कृपा म्हणायचा. म्हणजे तुम्हाला जो राग आलाय तो त्यांच्या धर्माच्या विरोधात बिलकूल नाही, त्यांच्याच लोकांना तो येऊन गेलाय.

आता मैत्रिणीबद्दल माझं मत विचाराल तर ती नाटक करतेय असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. रिट्रीटला काय होतं, दिवसभर गाणी, प्रार्थना, रडणं, माणूस हलका होऊन येतो आणि त्या भरात त्याला वाटतं की जग पण हलकं झालं. आठ वर्षं ती तुमच्या गल्लीत फिरकली नाही, फोन नाही, लाजेने नाहीतर भीतीने, आणि आता दारात येऊन रडली, म्हणजे काहीतरी सुटलंय खरं. पण सुटली ती कशासाठी, तर जे आठ वर्षं करता आलं नाही ते करण्यासाठी. हे तिला अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही. ते तुम्ही सांगा.

कसं सांगायचं तर तिला एकटीला बोलवा, सुना आणि शेजारणी नकोत, नवरे तर अजिबात नकोत. जेजू, पाप, कर्म ह्याच्यावर वाद घालू नका, "मग जेजूकडूनच आणते पैसे" हे वाक्य तुमच्या जिभेवर आहे ते पत्रात दिसतंय, ते गिळा. सरळ म्हणा, देवाने तुला माफ केलं ते मला मान्य, तो तुझा आणि त्याचा विषय, आता माझ्याकडचं बघूया. पाटल्यांची पावती, व्याज किती गेलं, कोणाला किती दिले, सगळं वहीत लिहून समोर ठेवा. तुमच्याकडे हे सगळं आहे असं तुम्हीच लिहिलंय. मूळ रक्कम मागा, व्याज मागायचं की सोडायचं ते तुम्ही ठरवा पण ते आधीच घरी ठरवून बसा, तिथे रडारड सुरू झाल्यावर नको. पौंडात कमवून आलीय म्हणता, तर हप्ते पाडून द्यायला जमायला हरकत नसावी. आणि ती हो म्हणाली की ते कागदावर घ्या, रक्कम, तारखा, सही. आठ वर्षांनी कोर्टाची मुदत बहुतेक गेलेली असणार, अशा दाव्याला साधारण तीनच वर्षं मिळतात, पण मुदत गेलेलं कर्ज फेडायचं लेखी सही करून कबूल केलं तर 1872 च्या करार कायद्याच्या कलम 25 खाली ते वचन धरता येतं. वहीचा फोटो घेऊन आधी एखाद्या वकिलाला दाखवा, भिशी नोंदणी नसलेली होती तर त्याचंही विचारा.

पण मला विचाराल तर पैशांपेक्षा मोठी गोष्ट तुम्ही पत्राच्या तिसऱ्या पानावर एका ओळीत लिहून पुढे गेलात, बायका अजून कुजबुजतात ती. पाटल्या तुम्ही स्वतः सोडवल्यात, पण तुमचं नाव अजून गहाण आहे आणि ते सोडवणं जगात फक्त तिच्या हातात आहे. तुम्ही शंभर वेळा शपथा घेतल्या तरी उपयोग नाही, तिने एकदा त्या बायकांसमोर म्हणायला हवं की पैसे मी नेले, हिला ठाऊक नव्हतं, हिने स्वतःचं सोनं ठेवून तुमचे भरले. जक्कयने पण घरात बसून हळूच नाही सांगितलं. हे मागा, आणि पैशांच्या आधी मागा, कारण पैसे हप्त्याने येतील पण हे एका दुपारचं काम आहे. ती ह्याला तयार झाली की तिच्या रिट्रीटमधलं खरं किती आणि भर किती ते तुम्हालाही कळेल. जर म्हणाली की झालं गेलं विसर, देवाने सगळं पुसलं, तर तिच्या देवाला नावं ठेवू नका, तो काय म्हणतो ते वर सांगितलंच. तिला मात्र खुशाल ठेवा.

माफ करायचं की नाही हे मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही ख्रिस्ती नाही आणि तिच्या धर्माने तुमच्यावर बंधन येत नाही. एवढंच की माफ करणं आणि वसूल न करणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक करून दुसरी न करता येते, कुठलीही. रक्कम पूर्ण परत आल्यावरही तुम्हाला तिचं तोंड बघवणार नाही असं होऊ शकतं. आणि एक पैसा न येता एखाद्या दिवशी राग संपलेला असू शकतो, त्या दिवशी पैसे मागायचे थांबवायची गरज नाही.

राहिलं मीसचं. मनात असेल तर जा, ती बोलावते म्हणून नाही तर हे सगळं प्रकरण काय आहे ते एकदा बघायला, कारण ईस्टरच्या रात्रीची मीस म्हणजे सोडवण्याची सगळी कथा पहिल्यापासून. काळोखात बाहेर आग पेटवतात, तिच्यावरून मोठी मेणबत्ती, मग सगळ्यांच्या हातातल्या छोट्या. त्या मेणबत्तीजवळ एक लांब स्तोत्र गातात, त्यात आदामाच्या पापाला चक्क धन्य अपराध म्हटलंय, की तो घडला म्हणून असा सोडवणारा मिळाला. ते ऐकून तुम्ही पाटल्या आठवून दात खाल, पण उठून जाऊ नका. कोकणीत असेल, तुम्हाला कळेल सगळं. कम्युनियनची (प्रसादाच्या भाकरीची) रांग लागली की जागेवर बसून राहायचं, ते बाप्तिस्मा घेतलेल्या कॅथलिकांसाठी असतं, कोणी वाईट मानत नाही. जुन्या करारातली (बायबलच्या येशूआधीच्या भागातली) एकूण सात वाचनं असतात, वेळ नसला की पाद्री काही गाळतात, पण गुलाम समुद्रातून पार होतात ते निर्गममधलं वाचन कधीच गाळत नाहीत, तेवढं ऐका. पुढे कंबर दुखली तर मागच्या बाकावरून निघून या, तीन तास तरी धरून चला, आणि रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवा, त्या रात्री मिळत नाहीत.